उताऱ्यावर तिचेही नाव हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या मृगात शेजारच्या सुनेबरोबर मी तालुक्याच्या गावी भाताचे बियाणे आणायला गेले होते. सवलतीच्या बियाण्यासाठी सकाळी सातपासून रांग लागली होती आणि रांगेत निम्म्याहून अधिक बाया होत्या. साडेअकराच्या सुमारास तिचा नंबर आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेले नवऱ्याचे आधार कार्ड, शेताचा उतारा आणि बँकेच्या पुस्तकाची झेरॉक्स तिने खिडकीत ठेवली. आतल्या माणसाने संगणकात पाहिले आणि मोबाईलवर गेलेला ओटीपी सांगा म्हणाला. तो मोबाईल गोव्यात वेर्ण्याला, बांधकामावर गिलावा करणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या खिशात होता. तिने चार वेळा फोन लावला. कामाच्या वेळेत मुकादम फोन घेऊ देत नाही, त्यामुळे नवऱ्याचा फोन आला तो दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आणि तोवर त्या क्रमांकाची मुदत संपून गेली होती. ‘मालकांनाच पाठवून द्या’ असे तिला सांगण्यात आले. परतीच्या बसमध्ये रिकामी पिशवी मांडीवर घेऊन ती म्हणाली, ‘‘बाई, टाळेबंदी उठल्यापासून त्या शेतात त्यांचा पाय नाही लागलेला. मालक कुठनं पाठवू?’’

या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील मराठी प्राथमिक शाळांत माझी नोकरी झाली. पोटासाठी बाहेर गेलेल्या पुरुषांची आणि मागे राहिलेल्या बायकांची दोन पिढ्या मी जवळून पाहिलेल्या आहेत. त्यातली पहिली माझ्या स्वतःच्या घरातली.

माझे वडील मुंबईला गिरणीत होते. लालबागला गावमंडळाच्या खोलीत वीस-बावीस जण पाळ्यांप्रमाणे झोपत आणि खाणावळीत जेवत. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात, वडील गावी येत. त्यांची मनीऑर्डर दर महिन्याला येई ती आजोबांच्या नावावर. पोस्टमन ओसरीवर बसून पैसे मोजी, आजोबा अंगठा उठवीत आणि आई उंबऱ्याच्या आत उभी राहून मनीऑर्डरच्या चिटोऱ्यावर वडिलांनी आणखी काय लिहिले आहे ते ऐकण्याचा प्रयत्न करी. तेलमिठाला पैसे हवे असतील तर ते तिला सासऱ्यांकडे मागावे लागत. शेतात मात्र पहाटेपासून तीच असे. चिखलणीला औताचा माणूस रोजाने लावायचा, कारण बाईने औताला हात लावू नये अशी समजूत होती. बाकी तरवा (भाताची रोपे) टाकण्यापासून मळणीपर्यंत सगळे तिच्या अंगावर.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेकांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही, त्यांत माझे वडील होते. ते कायमचे गावी आले तेव्हा मी शाळेत होते. आपल्याच शेताचे बांध, पाण्याच्या वाटा, कोणत्या वाफ्यात कोणते वाण येते हे त्यांना आईला विचारावे लागले. या गोष्टीचा त्यांना फार त्रास झाला. ते चिडत आणि आई गप्प राही. पण उतारा त्यांच्या वडिलांच्या नावे होता, पुढे त्यांच्या स्वतःच्या नावे झाला आणि आईचे नाव त्या कागदावर चढले ते वडील वारल्यानंतर, वारस म्हणून. त्या वेळी तिचे वय ६८ होते आणि तिच्याने शेतावर चालत जाणेही होत नव्हते.

आता काळ बदलला आहे आणि तो चांगल्या अर्थाने बदलला आहे, हे मी आधी मान्य करते. आजचे तरुण मुंबईपेक्षा गोव्याला आणि पुण्याला अधिक जातात. चोर्ला घाटातून गेले की चार तासांच्या आत घर आणि काम यांची गाठ पडते, त्यामुळे काही जण महिन्या-दोन महिन्यांनी घरी येऊन जातात. पैसे फोनवरून थेट बायकोच्या खात्यावर येतात, त्यासाठी सासऱ्यांच्या अंगठ्याची गरज उरलेली नाही. ११ जून २०२३ पासून कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये स्त्रियांना प्रवास मोफत झाला आणि ३० ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे महिना २,००० रुपये कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यावर देण्यास सुरुवात झाली. ज्या बायका पूर्वी बेळगावच्या बाजाराला नवऱ्याबरोबर किंवा दिराबरोबर जात, त्या आता भाजीच्या बुट्ट्या घेऊन एकट्या जातात, भाव करतात आणि संध्याकाळच्या बसने हिशेब पदराला बांधून परत येतात. उचगाव, बेकिनकेरे, कुद्रेमनी या भागात नवरात्राच्या सुमारास रताळ्यांची काढणी पाहिली तर काढणाऱ्या, धुणाऱ्या आणि पोती भरणाऱ्या बहुतेक बायकाच दिसतील. आमच्या गल्लीतली एक बाई पॉवर टिलर चालवते. पहिल्या वर्षी लोक बांधावर उभे राहून बघत असत. आता तेच लोक आपल्या शेताची चिखलणी करून देण्यासाठी तिच्याकडे आदल्या आठवड्यात नंबर लावतात.

म्हणजे काम बदलले, पैसा बदलला, पायांना वाट मिळाली. कागद तेवढा आजोबांच्या काळाइतकाच पुरुषांचा राहिला आहे, आणि गावाकडच्या बाईची आजची सगळी अडवणूक त्या कागदापाशी होते.

उताऱ्यावर नाव नसलेल्या बाईला काय काय मिळत नाही, याची कल्पना शहरातल्या वाचकांना कदाचित नसेल. कृषी पत्तीन संघाचे, म्हणजे गावच्या सोसायटीचे, बिनव्याजी पीक कर्ज जमिनीच्या कागदावर मिळते, म्हणून सभासद नवराच आणि संघाच्या निवडणुकीतला मतदारही तोच. पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात ते त्याच्या खात्यावर. साखर कारखान्याचा शेअर आणि उसाची नोंद त्याच्या नावे, म्हणून बिलही त्याच्या नावे. पीक विमा, नुकसानभरपाई, बियाणे, औजारांवरची सवलत यांपैकी काहीही घ्यायचे तर आधी तो मालक समोर लागतो. अतिवृष्टीत भात आडवे झाले तेव्हा पाहणीला आलेल्या कर्मचाऱ्याला बांधावर उभ्या असलेल्या बाईने सगळे दाखवले, किती गुंठे गेले ते सांगितले आणि शेवटी त्याने विचारले, ‘मालक कधी येणार?’ हा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातातल्या यादीत तिचे नावच नव्हते.

ही गोष्ट आमच्या तालुक्यापुरती नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने पुरुष शहरांकडे गेल्यामुळे शेतीचे ‘स्त्रीकरण’ होत असल्याचे स्पष्ट लिहिले होते. त्याच्या थोडेच आधी झालेल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातील वहिवाटीच्या एकूण खात्यांपैकी स्त्रियांची खाती सुमारे १४ टक्के निघाली. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत २०१२ मध्ये स्त्री शेतकऱ्यांच्या हक्कांचे खासगी विधेयक मांडले होते. जी शेती करते तिला शेतकरी म्हणून प्रमाणपत्र द्यावे, जमीन नावावर असो वा नसो, असा त्याचा गाभा होता. त्याचा कायदा झाला नाही.

आपल्या सीमाभागात या अडचणीला आणखी एक पदर आहे. आमच्या गावांतल्या कितीतरी सुना महाराष्ट्रातल्या चंदगड, आजरा, गडहिंग्लज या तालुक्यांतून आलेल्या आहेत. त्या मराठी शाळेत शिकल्या, कन्नड अक्षर त्यांनी लग्नानंतर प्रथम पाहिले. पूर्वी कचेरीची कामे पुरुष करीत, बाजारात आणि नोकरीत त्यांच्या कानावर पडलेले कन्नड कामापुरते चाले. आता तो पुरुष गोव्यात आहे आणि उतारा, नोटीस, बँकेचा अर्ज, ग्रामपंचायतीची पावती असे सगळे कन्नड कागद तिच्या हातात येतात. निवृत्त झाल्यापासून माझ्याकडे आठवड्यातून दोन-तीन तरी बाया कागद वाचून घ्यायला येतात. एकदा एकीने आणलेला कागद सोसायटीच्या थकबाकीची तिसरी नोटीस होती. पहिल्या दोन तिने देवळीत, विजेच्या बिलांबरोबर, नीट घडी घालून ठेवल्या होत्या. काही तरुण सुनांनी बचत गटाच्या निमित्ताने कन्नड लिहायला-वाचायला शिकून घेतले आहे आणि त्यांचे मला मनापासून कौतुक वाटते. शिकावेच, राज्याची भाषा येणे उपयोगाचे आहे. पण जिथे बहुसंख्य लोक मराठी बोलतात तिथे शेतीचे आणि योजनांचे कागद मराठीतूनही द्यावेत, ही मागणी एरवी सभांतून मांडली जाते तेव्हा या बाईचा चेहरा कोणाच्या डोळ्यांसमोर असतो की नाही, असा प्रश्न मला पडतो. आज त्या कागदाची सर्वांत अधिक गरज तिला आहे.

घरातल्या नात्यांविषयीही लिहिले पाहिजे, कारण कागद आणि घर वेगळे नसतात. गृहलक्ष्मीचे पैसे शिधापत्रिकेवर जी कुटुंबप्रमुख असेल तिला मिळतात आणि एकत्र घरात ती बहुधा सासू असते. काही घरांत सासूने ते पैसे सुनेच्या हातावर ठेवले, काही घरांत त्यावरून चुली वेगळ्या झाल्या आणि शिधापत्रिका वेगळी करण्यासाठी अर्ज पडले. सासवांना यात नावे ठेवू नयेत. ज्या बाईने उभा जन्म मनीऑर्डर दुसऱ्याच्या हातात जाताना पाहिली, तिच्या स्वतःच्या नावावर आलेला तो पहिला पैसा आहे.

मुलांवर होणारा परिणाम मी हजेरीपटावर पाहिला आहे. लावणीच्या दिवसांत पाचवी-सहावीतल्या मुली उशिरा येत किंवा येतच नसत, कारण आई शेतात आणि धाकटे भावंड घरात. त्याच घरातला आठवीतला मुलगा मात्र वडील नाहीत म्हणून ‘घरातला कर्ता’ ठरे. ग्रामसभेला तो जाई, पाहुण्यांशी तो बोले, आणि त्याची आई, जिच्या जिवावर ते घर चालले होते, ती त्याच्या मागे उभी राही. चौदा वर्षांच्या मुलाला आपल्या आईपेक्षा आपला शब्द वजनदार आहे असे वाटू लागले की पुढे त्याच्या बायकोच्या वाट्याला काय येणार ते वेगळे सांगायला नको. मी पालकसभेला आईच आली पाहिजे असा आग्रह धरत असे आणि शेवटच्या काही वर्षांत आया येऊ लागल्या, प्रश्नही विचारू लागल्या.

पुरुषांचे हालही मला माहीत आहेत. पत्र्याच्या खोलीत आठ जणांनी राहायचे, मुलाची पहिली पावले फोनवर पाहायची, आजारी आईला भेटायला रजा मागितली तर रोज बुडवायचा. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या गावचे तरुण गोव्याहून परतले आणि कित्येक महिने घरी राहिले, तेव्हा माझ्या वडिलांची आठवण येईल असे प्रसंग घराघरांत घडले. शेतात काय करायचे ते बायकोला विचारण्याची वेळ आली, लहान मुले आईच्या पदराआडून बापाकडे बघू लागली. मात्र काही घरांत त्या महिन्यांनी वेगळेच घडवले. बाहेर राहणारे हे पुरुष खोलीवर पाळीपाळीने जेवण करतात, भाकऱ्या थापतात, मासे साफ करतात. माझे वडीलही खाणावळ बंद असेल त्या दिवशी खोलीतल्या सगळ्यांसाठी पिठले-भात करीत, हे मला त्यांच्या खोलीतल्या एका काकांकडून कळले. गावच्या चुलीपाशी त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. टाळेबंदीत शेजारच्या त्या सुनेच्या नवऱ्याने मात्र, ती लावणीला गेलेली असताना, दुपारचे जेवण करून डबा शेतावर नेला. त्याच्या आईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तिनेच त्याला तांदळाची उकड कशी काढायची ते सांगितले. हात तेच असतात, घरी आल्यावर ते का थांबतात, याचा विचार त्या मुलाने केला.

मुंबईच्या त्या खाणावळींची आठवण निघाली म्हणून आणखी एक गोष्ट सांगते. आमच्या वडिलांसारख्या हजारो गिरणीकामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात पिचलेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली, तीही त्या बायकांच्या स्वतःच्या नावावर. नावावर कर्ज मिळाले तेव्हा त्या उद्योजक ठरल्या. रांधत तर त्या आधीपासूनच होत्या.

शेतीच्या बाबतीतही असा रस्ता कोणी दाखवलेला नाही असे नाही. निपाणीच्या तंबाखू आंदोलनाने १९८१ मध्ये महामार्ग अडवला ते दिवस आपल्या भागात अजून सांगितले जातात. त्याचे नेतृत्व करणाऱ्या शरद जोशी यांनीच पुढे शेतकरी संघटनेतर्फे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली आणि आपल्या हयातीत, राजीखुशीने, जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करा असे शेतकऱ्यांना आवाहन केले. महाराष्ट्रात गावेच्या गावे त्यात उतरली. १९९२ मध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून, नवऱ्याने अर्ज केल्यास सातबारावर बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. कर्नाटकाने मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान हिस्सा देणारा बदल देशाच्या २००५ च्या कायद्याच्याही पुष्कळ आधी, १९९४ मध्ये अमलात आणला होता. जे राज्य मुलींच्या बाबतीत इतके पुढे होते त्याने सुनांच्या बाबतीतही एक पाऊल टाकावे. आज आमच्याकडे हयात नवऱ्याच्या शेजारी बायकोचे नाव लावायचे म्हटले की नोंदणीचा दस्त, मुद्रांक, वकील आणि कचेरीच्या चार खेपा आल्या. गोव्याहून दोन दिवसांच्या रजेवर आलेला माणूस ते कधी करणार?

त्यातही कितीतरी उतारे अजून मेलेल्या आजोबा-पणजोबांच्या नावे आहेत, वारसा लावलेला नाही, भावाभावांत वाटणी नाही. नवऱ्याचेच नाव कागदावर नसेल तर बायकोचे कुठून येणार, असे लोक मला विचारतात आणि ते खरे आहे. म्हणून वारसा लावण्याची शिबिरे होतील तेव्हाच, त्याच अर्जात, बायकोच्या संयुक्त नावाचा रकाना असावा.

मी हा विषय गावात काढते तेव्हा दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, उद्या तिने जमीन विकली तर? माझा अनुभव उलटा आहे. आमच्या पश्चिम भागात जमिनी घेणारे दलाल हल्ली सारखे फिरतात आणि बाहेर राहणाऱ्या पुरुषाला फोनवर गाठून व्यवहार ठरवतात. शेत विकले गेले हे ते कसणाऱ्या बाईला मोजणीचे दगड पडल्यावर कळल्याची दोन उदाहरणे माझ्या माहितीत आहेत. तिची सही आवश्यक असती तर त्या जमिनी राहिल्या असत्या. हलगा-मच्छे बायपाससाठी शेते घेतली जात होती तेव्हा ती वाचवण्यासाठी घरातल्या स्त्रियाही रस्त्यावर उतरल्या होत्या हे बेळगावकरांनी पाहिले आहे. जमीन गेली तर तिची भरपाई मात्र उताऱ्यावरच्या नावालाच मिळते. दुसरा आक्षेप असा की नवरा-बायकोत असा कागद आणला की माया आटते. यावर मी एवढेच म्हणेन की माझ्या आई-वडिलांत माया पुष्कळ होती आणि तरीही आईला आयुष्यभर मागून घ्यावे लागले.

आपल्या दैनिकामार्फत माझ्या तीन विनंत्या आहेत. महसूल खात्याने पती-पत्नीच्या संयुक्त नावासाठी साधा अर्ज आणि नाममात्र शुल्क ठेवावे, आणि ही कामे गणेशोत्सव व मे महिना या काळात, बाहेरगावचे लोक घरी असताना, गावोगावी करावीत. तोवर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी आणि पत्तीन संघांनी, शेत कसणाऱ्या पत्नीचा मोबाईल क्रमांक नवऱ्याच्या संमतीने नोंदवून घ्यावा, म्हणजे ओटीपी तिच्याच हातात येईल. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नसावी. आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष स्त्री शेतकऱ्यांचे म्हणून जाहीर केलेले असल्याने, आपण आपल्या पुरवणीत वारसा, दस्त आणि संयुक्त नोंदीची माहिती सोप्या मराठीत क्रमशः छापावी. ती कात्रणे मी आमच्या भागातल्या बचत गटांत स्वतः वाचून दाखवीन.

शेजारच्या सुनेला त्या दिवशी परत यावे लागले आणि तिने शेवटी दुकानातून जादा दराने बियाणे घेतले. पेरणीला आठ दिवस उशीर झाला. तिचा नवरा गणपतीला आला तेव्हा मी त्याच्याजवळ हा विषय काढला. त्याने भावांना विचारून सांगतो म्हटले आहे. अजून त्याचा निरोप आलेला नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
खानापूर तालुका, जि. बेळगाव